दारू आणि बायपोलर : भावाच्या उपचारांचा माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला दारूचे व्यसन होते आणि त्याच्या जोडीने बायपोलर हा मानसिक आजारही होता; यात माणूस कधी अति उत्साहात असतो, तर कधी खोल उदासीत. एका व्यसनमुक्ती केंद्राने ‘आधी डोक्याचा आजार बरा करून आणा’ असे सांगितले, तर एका रुग्णालयाने ‘दारू सुटल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग नाही’ म्हणून परत पाठवले, आणि या हेलपाट्यांत त्याची नोकरी गेली.

पुढे ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाई भेटल्या, त्यांनी दोन्ही आजारांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर वातासारखी अवस्था (भ्रम, असंबद्ध बडबड) होऊन प्रकरण जिवावर बेतू शकते. म्हणून त्यांनी त्याला दाखल करून घेतले, ‘बी-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली आणि थरथर आवरणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या.

खरा पेच निदानाचा होता. दारूमुळेही उदासी येते, झोप उडते, आणि दारू थांबल्यावर काही आठवड्यांत ही लक्षणे बऱ्याचदा ओसरतात. म्हणून बाईंनी मला विचारले, “तो प्यायला लागण्यापूर्वी कसा होता?” मी माळ्यावरून त्याच्या कॉलेजातल्या वह्या काढून नेल्या. दारूला हातही लावला नव्हता तेव्हा तो रात्रंदिवस जागून त्यांत पोल्ट्रीचे, हॉटेलचे, ट्रकचे हिशेब लिहीत असे. अक्षर पानागणिक मोठे होत समासाबाहेर गेलेले होते. त्या वह्यांनी निदान पक्के व्हायला मोठी मदत झाली, असे मला आजही वाटते.

बायपोलरवरचे लिथियम हे औषध सुरू झाले. त्यासाठी रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देऊन पातळी पाहावी लागते, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात, आणि उलट्या-जुलाब झाले तर पातळी धोकादायक वाढू शकते म्हणून लगेच डॉक्टरांना कळवावे लागते. समुपदेशन आणि स्वमदत गटाच्या बैठका याच काळात चालू राहिल्या. गटातील काहींनी ‘गोळ्या हीसुद्धा नशाच’ असे म्हटले, तेव्हा समुपदेशकांनी त्याला आणि आम्हालाही ठामपणे समजावले की लिथियम हे व्यसन नव्हे, उपचार आहे.

मध्यंतरी तो पुन्हा प्यायला. त्याआधी त्याची झोप कमी झाली होती. तेव्हापासून सलग दोन रात्री झोप बिघडली की बाईंना फोन करायचा, असे लेखी ठरले आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारच मानतो. त्यामुळे मला विचारणाऱ्या कुटुंबांना मी दाखल करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला सांगते : केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात का, आणि चालू असलेली मानसिक आजाराची औषधे तिथे वेळेवर दिली जातात का?