सातबाऱ्यावरचे नाव

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर न्यू जर्सीला गेलेल्या काकांची दोन्ही मुले आज वारसनोंदीसाठी देवगडला आली होती. परदेशी नागरिकाला येथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते, हे कळताच दादाने हिस्सा विकण्याची गोष्ट काढली. आणि तिकडेच जन्मलेल्या, मराठी जेमतेम बोलणाऱ्या धाकटीने आंब्याच्या कलमांच्या सातबाऱ्यावर आपले नाव लागलेच पाहिजे, असा हट्ट धरला. २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेत पुन्हा येऊ लागेपर्यंत काकांनी मुलांना हापूस केवळ वर्णनातच चाखवला होता. मला, खरे सांगायचे तर, दादाचाही राग आला नाही. आत्याने मात्र दोघांना एकच विचारले, “फवारणीला माणसे कोण बघणार?”