नव्या बुटांची शिवपुरी

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ग्वाल्हेरहून शिवपुरीला फक्त दोघंच असे आज पहिल्यांदा गेलो. ह्यांनी खास ट्रेकिंगचे बूट घेतलेले! माधव राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर कळलं, पायी हिंडायचं नाही, जिप्सीतच बसा. २०२५ पासून व्याघ्र प्रकल्प आहे म्हटल्यावर बरोबरच की. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग उद्यानातल्या जॉर्ज कॅसल ह्या जुन्या कोठीचा जिनाच दोनदा चढले, बूट वसूल!

साख्य सागर तलावाच्या काठावर एक ओंडका पडलेला. मी म्हटलं, छान फोटो येईल. तेवढ्यात ओंडक्यानं जबडा उघडला. आतला पिवळट रंग अजून डोळ्यांसमोर आहे.

वाघ काही दिसला नाही. परतताना मोहनाजवळ गाडी बाजूला घेऊन धपाटे-लोणचं खाल्लं. ह्यांच्या टाचेला फोड आलाय.