कपाटामागची अंबाबाई

इचलकरंजीची मावशी यायची म्हणून बायकोनं घर आवरायला काढलं आणि दुपारी जेवणं झाल्यावर मला कपाट सरकवायला लावलं. मागे भिंतीला टेकून अंबाबाई उभी. काच आडवी तडकलेली, आणि काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, आजीनं वर्षानुवर्षं लावलेल्या कुंकवाचा थर. नखानं टोकरलं तर खपली निघेल असा.

"हा अजून इथंच?"

इथंच. भंगलेला फोटो घरात ठेवू नये म्हणतात, कचऱ्यात टाकू नये असंही म्हणतात. मग राहिली कोण? पंचगंगा, आमची कोल्हापूरची नदी.

आमच्या घरी याच्यावर कधी चर्चाच झाली नाही. दर सोमवारी आजी निर्माल्याची पिशवी माझ्या हातात द्यायची. पुलावरनं भिरकवायची नाही, घाटावर उतरून पाण्यात सोडायची, अशी ताकीद. पिशवी तेव्हा कागदाची असायची. प्लॅस्टिकची कधी झाली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याच घाटावर वडलांनी पाठीला डबा बांधून मला पाण्यात ढकललं होतं. नाकातोंडात पाणी गेल्यावर बोंबललो तर म्हणाले, "गिळ, काय होत नाही. पाच नद्यांचं पाणी हाय!" कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. सरस्वती गुप्त, त्यामुळं शाळेत मी नेमकी तीच विसरायचो आणि एक मार्क जायचा. आता सहावी म्हणून शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला सांगावा लागेल. तो मात्र गुप्त नाही.

दोन-तीन वर्षांमागं गल्लीतल्या पोरांनी रविवारी नदी साफ करायचं काढलं. मी गेलो ते खरं सांगायचं तर नंतरच्या मिसळीसाठी. काम केंदाळ, म्हणजे जलपर्णी, ओढायचं. लांबून जांभळी फुलं बघून माणूस फोटो काढतो. हातात घेतल्यावर कळतं, देठ फुग्यासारखे हलके आणि खाली दाढीसारखी काळी मुळं, त्यात चिखल, शांपूच्या पुड्या, नारळाच्या शेंड्या. चार वेळा ओढलं की कंबर धरते. आणि पुढच्या रविवारी बघावं तर परत तेवढंच. वरून सांडपाण्याचं खत चालूच. आम्ही आपले भांगलायला.

पण आमचं घोडं अडलं ते केंदाळावर नाही, देवांवर. गाळातनं फ्रेमा निघायला लागल्या. दत्त, लक्ष्मी, बाळूमामा, कुणाचातरी लग्नातला फोटो (हा का सोडला असेल, यावर बरीच चर्चा झाली). एक प्लास्टरचा गणपती निघाला. रंग गेलेला, सोंड शाबूत. विसर्जन आता पुष्कळसं इराणी खणीत, जुन्या दगडखाणीच्या पाण्यात होतं. हा आधीचा कधीतरीचा. मांडीभर चिखलात राबणारी पोरं, पण ट्रॉलीत देव टाकायला एकजण पुढं येईना. शेवटी पिंपळाखाली नीट रांगेत मांडले. साडेनऊपर्यंत त्यांच्यापुढं कुणीतरी उदबत्तीही लावली. ट्रॉलीवाल्यानं लांबूनच हात जोडले. "देवाचं आमी न्हाई न्हेत, दादा."

मग एक निवृत्त गुरुजी पक्कड घेऊन पायरीवर बसले. खिळे काढायचे, काच एका पोत्यात, लाकूड दुसऱ्यात, कागद बादलीतल्या पाण्यात. लगदा झाला की पाणी पिंपळाला. प्रत्येक फोटो बादलीत सोडताना ते ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र. जवळ गेलो तर आकडे मोजत होते. अकराव्या फ्रेमला बोट कापलं, रुमाल बांधला आणि बारावी घेतली.

"पुढच्या रविवारी आमचीपण एक आणतो," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी पाऊस. मग राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, याशिवाय गावात दुसरा विषय नव्हता. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. मग गणपती आले, दिवाळी आली. अंबाबाई कपाटामागं.

आज म्हटलं, करूनच टाकू. पक्कड घेऊन बसलो. दोन खिळे निघाले, तिसरा गंजलेला. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

मावशीनं पायरीवर चपला काढल्या, सोफ्यावर टेकली आणि पिशवीतनं आपली पाण्याची बाटली काढून टीपॉयवर ठेवली. उकळून गार केलेलं पाणी. इचलकरंजी आमच्या खालच्या अंगाला, घाटावर जे सोडतो ते तिच्या गावावरनं पुढं जातं. २०१२ साली तिथं पाण्यातनं काविळीची साथ आली. माणसं गेली. मावशीच्या शेजारचा, लग्न ठरलेला मुलगा गेला. तेव्हापासून ती कुठंही गेली तरी बाटली बरोबर. त्यावर ती कधी काही बोललेली नाही.

बायकोनं सवयीनं पाण्याचा तांब्या आणला होता. तो तसाच परत नेला.