शेक्सपिअरच्या नाटकासाठी पुस्तक निवडताना

माझी मुलगी आयसीएसई मंडळाच्या नववीत असून तिला शेक्सपिअरचे नाटक अभ्यासाला आहे. आम्ही चाळलेल्या मार्गदर्शकांत तयार उत्तरे भरपूर आणि मूळ संहिता तुटक होती, याचे मला मनापासून वाईट वाटले. अखेर संपूर्ण संहिता आणि समोरच्याच पानावर शब्दार्थ असलेली आवृत्ती घेतली, कारण 'प्रेझेंटली' म्हणजे त्या काळी 'ताबडतोब', हे जागच्या जागी कळले नाही तर मुले आजचा अर्थ धरून प्रसंगच चुकीचा वाचतात. सारांशाचे पुस्तक उजळणीपुरते ठेवले आहे. नाटक मुळात रंगमंचासाठी लिहिलेले असल्यामुळे (हे मला फार महत्त्वाचे वाटते) आम्ही दर रविवारी एक प्रवेश मोठ्याने वाचतो. ओळींतले आघात कानावर पडले, की पद्य कुठे थांबून गद्य सुरू झाले, हे तिला आपोआप जाणवते.