लाल पिशवी

रात्री दोनला लोहा तालुक्यातून फोन आला. "डॉक्टरसाहेब, घोडीला कळा सुरू झाल्यात, पण पिशवी लाल दिसायलीय." व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. शेपटीखाली मखमलीसारखी गडद लाल पिशवी फुगून आली होती.

एरवी वार आतच फाटते, पाणी जातं आणि मग पांढरी, पातळ पिशवी दिसते. लालच पुढे आली म्हणजे वार गर्भाशयापासून सुटली, शिंगराचा प्राणवायू तुटला. आपल्याकडे सगळ्यांचा हात गाईम्हशींवर बसलेला. म्हैस अडली तर डॉक्टर येईपर्यंत बऱ्याचदा निभावतं. घोडीचं पाणी गेलं की २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर हवं, आणि लाल पिशवीत तेवढीही सवड नसते. मी ३० किलोमीटरवर.

"पाटील, ब्लेड घ्या, पिशवी फाडा. आत्ता."

"वार फाडली तर घोडी रक्तानं जाईल की हो."

जात नाही, ते रक्त घोडीचं नसतं. त्यांनी फाडली. आत हात घालून दोन पाय शोधायला लावले: तळवे खाली, एक पाय वीतभर पुढे, गुडघ्यांवर नाक. कळ आली की ओढायचं, तेही सरळ नाही, खाली घोडीच्या मागच्या पायांकडे. नाळ कापायची नाही, आपोआप तुटू द्यायची.

मी पोचलो तेव्हा मादी शिंगरू कडब्यावर पडलेलं, श्वास चालू, हिरड्या फिकट. चांगलं शिंगरू तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांत सडाला लागतं. हिला दोन्हीला उशीर झाला. नाळेच्या टोकाला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावलं. वार दोन तासांत पडली. ती पसरून तिच्या दोन्ही शिंगांची, म्हणजे दोन फाट्यांची, टोकं शाबूत आहेत ना ते बघितलं, कारण तुकडा आत राहिला तर घोडी तापते आणि पुढे खुरांना आतून सूज येऊन लंगडते.

घोडी थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची, रेसकोर्सवरून निवृत्त झालेली, अंगानं उतरलेली. अशा घोडीत गुदद्वार आत ओढलं जातं, योनीचं तोंड तिरकं होतं, लीद आत जाते आणि वारेला संसर्ग होतो. इथेही बहुधा तेच. आठवडाभर कासेतून दूध ठिबकत होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही. ठिबकलं तो चीकच. उरलेल्या चिकाचा दाटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर मोजला, ब्रिक्स १२ भरलं. २० च्या वर हवं होतं.

शिंगराला आईच्या रक्तातून पोटात काही मिळत नाही, सगळी प्रतिकारशक्ती चिकातून, आणि आतडं ती साधारण पहिला दिवसच घेतं. ती किती पोचली हे बघायला संध्याकाळी ग्लुटरल्डिहाइडची चाचणी केली: शिंगराच्या रक्तातलं अर्धा मिली सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी), त्यात १० टक्क्यांचं ग्लुटरल्डिहाइड त्याच्या दहाव्या भागाइतकं. दहा मिनिटांत गोठलं तर उत्तम. तासाभरानंतरही पातळच, म्हणजे प्रतिकारशक्ती पोचलीच नव्हती.

मग प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पेशी वगळून उरणारा भाग; प्रतिकारशक्ती त्यातून देता येते. शेजारच्या गावातला वरातीचा खच्ची घोडा आणला. व्यालेली घोडी रक्त द्यायला नको, तिच्या रक्तात शिंगराच्या पेशी फोडणारी द्रव्यं असू शकतात. रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या पिशव्यांत चार लिटर रक्त काढून पिशव्या टांगल्या. घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी तास-दोन तासांत तळाला बसतात, सेंट्रीफ्यूज लागत नाही. गाईचं रक्त असतं तर सकाळपर्यंत टांगूनही उपयोग नव्हता. वरचा पिवळा भाग दीड लिटर निघाला. तो गाळणीच्या सेटमधून मानेच्या शिरेत दिला, पहिली पंधरा मिनिटं अगदी थेंबाथेंबानं, कापरं भरतंय का बघत. दुसऱ्या दिवशीचं सीरम अर्ध्या तासात गोठलं, म्हणजे पातळी मध्यम. आणखी एक लिटर दिला.

ते चढत असताना पाटलांनी विचारलं, "मादी आहे, पण रेसला धावंल का?"

मादी असण्याचं काही अडत नाही. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनंच जिंकली. अडलं बापापाशी. घोडीला माळेगाव यात्रेत मारवाडी घोडा लावला होता. थरोब्रेड म्हणून नोंद व्हायला दोन्ही पालक स्टड बुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, हवेत, डीएनए जुळायला हवा, कृत्रिम रेतन तर चालतच नाही. शिवाय जन्म डिसेंबरचा. रेसच्या हिशेबात सगळ्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, म्हणजे ही काही दिवसांतच एक वर्षाची धरली गेली असती.

पाटलांनी शिंगराच्या गळ्यावरचा देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, दाखवला. "मग यात्रेतच बघू."