खारगवत नोंद ७ : तीन नंबरचा पिवळेपणा मिठाचा नव्हताच

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की एल्युरोपसच्या (खाऱ्या जमिनीत वाढणारं, पातीतून मीठ बाहेर टाकणारं गवत) ३ नंबर कुंडीला १० डेसिसीमेन्सची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) झेपत नाहीये. ते विधान मागे. त्याच ईसीची १ नंबर कुंडी हिरवीगार आहे. फरक एवढाच, की ऑक्टोबरच्या उन्हात वर मीठ साचू नये म्हणून ३ नंबर दर आठवड्याला धुतली जात होती. ८ लिटर मातीला १६ लिटर पाणी, तेही साठवलेलं पावसाचं. गडबड तिथेच.

आधी पाती नीट बघा. मिठाचा चटका कडा आणि टोक करपवतो. इथे मात्र खालची जुनी पाती टोकापासून मधल्या शिरेने पिवळी पडत आली आणि नवा फुटवा बारीक. ही नत्राची खूण. तरी खात्री म्हणून पुसणी-चाचणी केली: दोन्ही कुंड्यांतली ३०-३० पाती डिस्टिल्ड पाण्याच्या कापसाने पुसली, २४ तासांनी तोडून २० मिली डिस्टिल्ड पाण्यात हलवली आणि त्या पाण्याची ईसी घेतली. १ नंबर १८५, ३ नंबर १७० मायक्रोसीमेन्स. म्हणजे मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी जवळपास सारख्याच चालू आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंगाखाली शिरांच्या कडेने मिठाचे कण ओळीत चमकताना दिसतात, अगदी पिवळ्या पातीवरसुद्धा!

मग धुण्याने बिघडलं काय? नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) मातीच्या कणाला धरून राहत नाही, निचऱ्याबरोबर मिठासोबतच निघून जातं. सोडियमच्या गर्दीत कणांवरचं पोटॅशही सुटतं. जे नत्र उरतं, त्यावर मुळाशी क्लोराइड कुरघोडी करतं. आणि गवताला खारात नत्र जास्त लागतं, कारण पेशीतलं पाणी धरून ठेवायला ते जे प्रोलीन आणि ग्लायसिन बीटेन बनवतं, त्या दोन्हींत नत्र असतं. नत्र तुटलं की खारपणा सोसायचं सामानच तुटतं, आणि आपण मिठाला दोष देऊन आणखी धुतो.

दुसरी चूक गोड्या पाण्याची. सोडियम बसलेल्या खाजणाच्या मातीवर नुसतं पावसाचं पाणी ओतलं की चिकणकण फुगून सुटे होतात, भोकं बुजतात, निचरा थांबतो. ३ नंबरला १६ लिटर उतरायला दोन दिवस लागत होते. धुण्याच्या पाण्यात कॅल्शियम हवंच.

आता चालू असलेला डोस: धुतल्यानंतर (आधी नाही) आठवड्यातून दोनदा, लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि अर्धा ग्रॅम १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट). नत्र साधारण १४० मिलिग्रॅम पडतं. या दोघांचीच ईसी १.२ च्या आसपास भरते, तेवढं मीठ कमी घाला. स्वस्तातलं लाल पोटॅश इथे नको, ते क्लोराइड आहे. सल्फेटवालं ०:०:५० चालेल, पण कॅल्शियम नायट्रेटच्या घट्ट द्रावणात टाकलंत तर तळाला जिप्सम बसेल. अकराव्या दिवशी तीन नवे फुटवे, गडद हिरवे. जुनी पाती परत हिरवी होणार नाहीत, कापून टाका.

मिठाबद्दल: लिटरला ५.८ ग्रॅम म्हणजे १० डेसिसीमेन्सच्या जरा वर, पण कोरड्या मिठाचं. मिठागराचं जाडं मीठ दमट हवेत पाणी धरतं, वजन फसवं येतं; शेवटी ईसी मोजूनच ठरवा. आणि स्वस्त टीडीएस पेनवर (विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं) या कामात विसंबू नका. एक ईसीला ५०० ने गुणून आकडा दाखवतं, दुसरं ७०० ने, वर ९९९० पीपीएमच्या पुढे हात वर करतं. पाचपट पातळ करून ईसी पेनने मोजलेलं बरं.

४ नंबरच्या पोर्टरेशियालाही (खाऱ्या चिखलात वाढणारं रानटी भातगवत) हाच डोस द्यायचा बेत होता, पण लिहिता लिहिता तो चुकीचा वाटतोय. ती कुंडी कायम बुडालेली. बुडालेल्या चिखलात हवा नाही, तिथे नायट्रेट टिकत नाही, वायू होऊन उडून जातं. खाजणातही तिला नत्र मिळतं ते बहुतेक अमोनियमच्या रूपात. तेव्हा तिला अमोनियम सल्फेट, २ ग्रॅमच्या गोळ्या जुन्या खाजणमातीत मळून चार बोटं खोल, कुंडीला दोन. युरिया नाही, पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर आहे, बरंचसं अमोनिया होऊन जाईल.

तळाला घातलेली जांभ्याची खडी पुढच्या भरणीत काढणार. जांभ्यातलं लोह स्फुरद पकडून ठेवतं. ५ नंबरची पाती जांभळट दिसायला लागलीयेत, ही स्फुरद कमी पडल्याची खूण, तिथून सुरुवात.