पायथनमधलं पाणी : कॅल्साइटपर्यंत पोचलो

माझी रविवारची बॅच पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) काढणारा प्रोग्रॅम पायथन या संगणकाच्या भाषेत लिहितेय. मागच्या नोंदीत ती शुद्ध पाण्याच्या ७ पीएचवर होती. आता हवा आणि कॅल्साइट (चुनखडीतलं कॅल्शियम कार्बोनेट) दोन्ही जोडून झालंय.

पोरं अकरावी-बारावीची. पाठ्यपुस्तकातल्या गणितांत काही ना काही ‘नगण्य’ म्हणून सोडलेलं असतं. आमच्या कोडमध्ये ती सवलत नाही. एक पीएच धरायचा, त्यावरून बायकार्बोनेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड सगळे काढायचे आणि धन भारातून ऋण भार वजा करायचा; पीएच बरोबर असेल तर बाकी शून्य. पीएच वाढला की ही वजाबाकी कमीच होत जाते, म्हणून ० ते १४ मध्ये उत्तर एकच. बायसेक्शनने, म्हणजे उत्तर असलेला अर्धा भागच ठेवत, वीसेकदा अर्धं केलं की हाती येतं. एका मुलीने हट्टाने न्यूटन-राफसन (उतारावरून पुढचा अंदाज घेणारी पद्धत) थेट आयनांच्या संहतीवर चालवलं, तर हायड्रोजन आयन उणे आले! लॉगवर चालवलं असतं तर ते टळलं असतं, पण शिकवायला मला बायसेक्शनच आवडतं.

हवेत ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) कार्बन डायऑक्साइड धरला तर पावसाचं पाणी ५.६०. औद्योगिक क्रांतीपूर्वीचे २८० टाकले तर ५.६९.

खरी मजा कॅल्साइटने आणली. ४२० पीपीएमलाच पीएच ८.१८ आणि कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला जेमतेम ४८ मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट तीनशेच्या घरातला, त्यामुळे ‘सर, मॉडेल गंडलंय’ असा एकच गलका. गंडलं नव्हतं. मुरणारं पाणी आधी मातीतून जातं, आणि मुळं नि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत हा वायू कितीतरी पट जास्त असतो. २ टक्के टाकले, कठीणपणा १७५ झाला, पीएच ७.०६. मग एकाने आपणहून तेच पाणी पुन्हा उघड्या हवेत आणलं : लिटरमागे १२७ मिलिग्रॅम कॅल्साइट खाली! बादलीच्या कडेचा पांढरा थर कुठून येतो, हे सांगावं लागलं नाही.

हे सगळं २५ अंशांना, आणि आयनांची एकमेकांवरची ओढ न धरता. पुढच्या वेळी ही ओढ हिशेबात घेणारं डेव्हिसचं समीकरण. त्याने ते १७५ दोनशेच्या पुढे जातील. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचं फ्रीक-सी हे असेच हिशेब करणारं मोफत सॉफ्टवेअर मुद्दाम अजून दाखवलेलं नाही. आयतं मिळालं की स्वतःचं कोण लिहितंय? डेव्हिस जोडून झाला की दोन्हींचे आकडे शेजारी मांडू.